मांडीपर्यंत कळ गेली म्हणजे सायटिका झाली असं नाही

कंबर धरली की आपल्याकडे दोन दिवसांत निदान ठरतं. शेजारच्या काकू म्हणतात, नस दबली असणार. मेडिकलवाला म्हणतो, सायटिका दिसतोय. मग एमआरआय होतो, रिपोर्टमध्ये ‘एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज’ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीला, म्हणजे गादीला फुगवटा) असं छापून येतं आणि त्या निदानावर शिक्का बसतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ‘मला सायटिका आहे’ असं सांगत येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना सायटिका नसतो, साधी कंबरदुखी असते. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की माणसं उगाच घाबरतात, नको ती औषधं महिनोन् महिने घेतात आणि हालचाल बंद करून बसतात.

साधी कंबरदुखी बहुतेकांनी कधी ना कधी भोगलेली असते, त्यामुळे तिच्याबद्दल फार सांगत नाही. वाकून बादली उचलली, लांबचा प्रवास केला किंवा काहीच केलं नाही, तरी सकाळी कंबर आखडते. नेमका कुठला स्नायू, सांधा किंवा चकती दुखतेय हे तपासून खात्रीने सांगता येत नाही. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत बरंच कमी होतं, काहींना पुन्हा पुन्हा उद्भवतं. सायटिकामध्ये मात्र मणक्यातून पायाकडे निघालेल्या नसेच्या मुळाला इजा किंवा सूज असते. बहुतेक वेळा त्याला कारण असते खालच्या दोन चकत्यांपैकी एकीतून बाहेर आलेला गर. चकतीमुळे नसेचं मूळ असं त्रासतं हे मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोन शल्यविशारदांनी १९३४ साली मांडलं आणि तेव्हापासून सगळं खापर चकतीवर फुटायला लागलं.

शिंकताना कळ येते का, बसल्यावर वाढतं का, डावीकडे आहे की उजवीकडे, असे प्रश्न लोक फार विचारतात. त्याने थोडीफार दिशा मिळते, पण त्यावर अडून राहू नये.

खरा घोटाळा होतो तो पायात उतरणाऱ्या दुखण्यावरून. ‘कंबरेतून कुल्ल्यात आणि मांडीत येतं, म्हणजे नसच’ हे इतकं सरसकट धरलं जातं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तेच उतरतं. पण कुठलीही नस न दबता कंबरेचं दुखणं मांडीत जाऊ शकतं. हे सिद्ध होऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली. १९३० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये केलग्रेन या डॉक्टरने निरोगी स्वयंसेवकांच्या मणक्यांमधल्या लिगामेंटमध्ये, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांत, तीव्र मिठाचं पाणी टोचलं. सुई पाठीत होती, नसेला धक्काही नव्हता, तरी कंबरेच्या पातळीवर टोचल्यावर दुखणं पायात जाणवलं. पाठीच्या खोल भागातून येणाऱ्या आणि कुल्ला-मांडीतून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोचतात, तेव्हा दुखण्याचा उगम नेमका कुठे आहे हे मेंदूला ठरवता येत नाही. हृदयाचं दुखणं डाव्या हातात जाणवतं ते याच रीतीने, आणि तेव्हा हाताची नस दबली असं कोणी म्हणत नाही.

आता खरं नसेचं दुखणं कसं असतं ते पाहा. १९५८ साली स्मिथ आणि राइट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चकतीचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या नसेच्या मुळाभोवती त्यांनी नायलॉनचा दोरा ठेवला, त्याची टोकं बाहेर काढली आणि रुग्ण शुद्धीवर असताना दोरा हलकेच ओढला. जे मूळ आधीच दुखावलेलं होतं, त्याचा दोरा ओढल्यावर रुग्णाची ओळखीची कळ पायातून सरसरत खाली गेली, तीही जेमतेम दीड इंच रुंदीच्या पट्ट्यात. पुढे १९९१ साली कुसलिश आणि सहकाऱ्यांनी १९३ रुग्णांची ऑपरेशनं फक्त जागा बधिर करून केली आणि आतल्या एकेका भागाला स्पर्श करून काय दुखतं ते विचारलं. सुजलेल्या, दबलेल्या मुळाला हात लावला की सायटिकाची कळ उठायची. निरोगी मुळाला लावला तर उठत नसे. म्हणजे नुसता दाब पुरत नाही, मूळ आधी चिडलेलं असावं लागतं. चकतीतला गर बाहेर आला की त्यातल्या रसायनांनीच ते चिडतं.

म्हणून मी आलेल्या माणसाला सांगतो, दुखतं ते हाताने दाखवा. साधी कंबरदुखी असलेला माणूस तळहात कंबरेवर ठेवतो, कुल्ल्यावर फिरवतो, मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत आणतो आणि म्हणतो, ‘इथे सगळीकडे जड जड वाटतं, ठणकतं.’ हद्द नेमकी दाखवता येत नाही. सायटिका असलेला माणूस एक बोट काढतो आणि कुल्ल्यापासून पोटरीच्या कडेने पावलापर्यंत रेघ ओढतो. ‘विजेसारखी जाते,’ म्हणतो. बहुधा त्याचा पाय कंबरेपेक्षा जास्त दुखत असतो. बरोबर मुंग्या असतात, पावलाचा काही भाग बधिर असतो, अंगठा वर उचलताना जोर लागत नाही किंवा एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही. या शेवटच्या गोष्टी तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि एमआरआयचा कागद पुढे येण्याआधी त्या तपासल्या गेल्याच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

उताणं झोपवून पाय सरळ वर उचलायची परीक्षाही अशीच बिघडवली जाते. मांडीच्या मागे ताण बसला की ‘पॉझिटिव्ह’ लिहून टाकतात. आखडलेल्या स्नायूंमुळे तो ताण कोणालाही बसेल. पाय उचलल्यावर तीच ओळखीची कळ गुडघ्याखाली उतरली, तरच त्या परीक्षेला अर्थ आहे.

एमआरआयबद्दल दोन आकडे पुरेत. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर ५२ टक्के लोकांच्या एका तरी चकतीत फुगवटा निघाला. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा विशीतल्या, काही त्रास नसलेल्या लोकांतही सुमारे ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. त्यामुळे फोटोत दिसणारी चकती आणि पायातली कळ यांची बाजू, पातळी आणि पट्टा जुळत नसेल तर त्या बल्जला दोष देऊ नये.

उपचारांत फरक पडतो तो इथेच. साध्या कंबरदुखीला अंथरुणावर पडून राहणं घातक आहे. १९९५ साली हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे लोक झोपून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले. अशा कंबरदुखीला प्रीगॅबालिन (नसेच्या दुखण्यावरचं औषध) आणि मेथिलकोबालामिनची (बी-१२ जीवनसत्त्वाची) गोळी सर्रास दिली जाते, कारण चिठ्ठीवर ‘सायटिका’ लिहिलेलं असतं. प्रीगॅबालिनची २०१७ सालची ऑस्ट्रेलियातली चाचणी तर खऱ्या सायटिकाच्या रुग्णांवर होती. तिथेही पाय दुखायचा तो औषधाच्या रूपातल्या पोकळ गोळीपेक्षा कमी झाला नाही, चक्कर मात्र जास्त आली. ही गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

ऑपरेशनचा विचार खऱ्या सायटिकामध्येच योग्य, आणि तोही घाईने नाही. नेदरलँड्समध्ये २००७ साली तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांची तुलना झाली. लवकर ऑपरेशन केलेल्यांच्या पायातली कळ लवकर थांबली. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक सावरले होते आणि ऑपरेशन न करता वाट पाहणाऱ्या गटातल्या ३९ टक्के लोकांनाच मध्ये ऑपरेशन लागलं. बाहेर आलेला गर शरीर बरेचदा स्वतःच शोषून घेतं, आणि मोठा, तुटून सुटा पडलेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. ज्याची फक्त कंबर दुखते, पाय नाही, त्याने हे ऑपरेशन करून घेऊ नये.

थांबायचं नाही अशी एक वेळ मात्र आहे. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावर ताबा राहिला नाही, बसतो त्या जागेला आणि जांघांच्या आतल्या बाजूला बधिरता आली किंवा दोन्ही पायांतला जोर झपाट्याने जायला लागला, तर मज्जारज्जूच्या खालचा नसांचा सगळा झुपका दाबला गेलेला असू शकतो. तेव्हा माझ्यासारख्या फिजिओकडे यायचं नाही, मालिश करायची नाही, सकाळची वाट पाहायची नाही. जिथे एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत त्याच वेळी जायचं आणि लघवीचं दारातच सांगायचं.