बोबडं बोलणं वेगळं आणि तोतरं बोलणं वेगळं

मूल नीट बोलत नसलं की घरात एकच वाक्य ठरलेलं असतं, "याची जीभ जड आहे". मग कुणी वेखंड उगाळून चाटवायला सांगतं, कुणी जिभेखालचा पडदा कापून घ्या म्हणतं, पण मूल बोबडं बोलतंय की तोतरं हे आधी कुणी बघतच नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो.

बोबडं बोलण्यात जीभ चुकीच्या जागी जाते. स्वतःच करून बघा ना. त, द, न म्हणताना जिभेचा शेंडा वरच्या दातांना मागून टेकतो, ट आणि ळ ला तोच शेंडा वर वळून टाळूकडे जातो, आणि क, ग म्हणताना शेंडा खाली नुसता पडून असतो, काम करतो तो जिभेचा मागचा भाग. लहान मुलांना बहुतेक वेळा पुढचा शेंडा आधी जमतो, म्हणून 'काका'चं 'ताता' होतं आणि 'गाडी'ची 'दाडी'. र च्या जागी ल येणं तर घरोघरी. स ला दात जवळ आणून मधून बारीक हवा सोडावी लागते, जीभ दातांच्या फटीत आली की तो थ सारखा ऐकू येतो. साधारण सहा-सात वर्षांचं असताना पुढचे दुधाचे दात पडतात तेव्हाही काही मुलांचा स असाच फुसफुसतो, नवे दात आले की बहुतेकांचा आपोआप सुधारतो.

आता बरेच जण म्हणतात की भाकरी-चटणी मस्त चावून खातो, म्हणजे जीभ ठीक आहे, बोलायचं काय ते येईलच. खाताना जीभ जे करते ते भारीच असतं, घास दाढांखाली ढकलायचा, बाहेरून गालाने तो आत लोटायचा, आणि दात मिटायच्या आत जिभेने बाजूला व्हायचं, म्हणूनच तर जीभ क्वचितच चावली जाते. पण चावण्याची ही लय मेंदूच्या खालच्या भागातून बरीचशी आपोआप चालते, बोलणं मात्र कानाने ऐकून शिकावं लागतं. त्यामुळे छान जेवणारं मूलही बोबडं असू शकतं, आणि अशा मुलाची ऐकण्याची तपासणी आधी करून घ्या असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगेन, कारण जे नीट ऐकूच येत नाही ते नीट बोलणार कसं?

जिभेखालच्या पडद्यामुळे जीभ खाली चिकटलेली असणं हे खरं कारण काही मुलांत असतं. जीभ वर उचलली की शेंड्याला खाच पडून बदामाचा आकार दिसतो, काही बाळांना अंगावर दूध पिताना त्रास होतो. पण अशी कितीतरी मुलं पुढे स्वच्छ बोलतात, त्यामुळे बोबडं दिसलं की लगेच कापून घ्यायची घाई नको.

तोतरेपणाशी तर या पडद्याचा काहीच संबंध नाही. तिथे दात, जीभ, टाळू सगळं धडधाकट असतं. मूल "म-म-मला" करतं, किंवा "सssसकाळी" असं लांबवतं, किंवा तोंड उघडलेलं असतं, डोळे घट्ट मिटलेले आणि आवाजच फुटत नाही. तोच म पुढच्या वाक्यात सरळ येतो. बोलण्याच्या हालचाली मेंदू वेळेवर जुळवतो त्यात ही अडचण असते, बऱ्याचदा घराण्यात आधी कुणाला तरी असते, आणि ती साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होते. शंभरातली 5 एक मुलं कधी ना कधी अशी अडखळतात, मोठेपणी राहतं ते 1 च्या आसपास. घाबरल्यामुळे किंवा दुसऱ्याची नक्कल केल्यामुळे हे होतं असं म्हणून मुलाला किंवा आईला दोष देणं तर साफ चूक.

घरी ओळखायचं असेल तर सगळ्यांबरोबर आरती किंवा पाढे म्हणताना ऐका. तोतरं मूल तिथे बहुतेक वेळा न अडखळता म्हणतं, बोबड्याचा र तिथेही ल च राहतो.

तोतऱ्या मुलाला "हळू बोल", "श्वास घे" म्हणू नका, त्याचं वाक्य आपण पूर्ण करू नका, शांतपणे बघत ऐकून घ्या. अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा बोलताना मूल झगडायला लागलं तर स्पीच थेरपिस्टकडे जा. बोबड्यासाठी, र, श, ळ यायला वयाची पाच-सहा वर्षंही लागू शकतात, पण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला कळत नसेल तर थांबू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे, बऱ्याच मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत कान-नाक-घसा विभागातही थेरपिस्ट असतात. जाताना घरच्या बोलण्याचं मोबाईलवर रेकॉर्डिंग न्या, कारण तोतरेपणा रोज कमीजास्त होतो आणि नेमकं डॉक्टरांसमोर मूल एकदम सरळ बोलतं.