गुदभ्रंशाची शस्त्रक्रिया: चामड्याच्या पट्टीपासून जाळीपर्यंत

गुदभ्रंश म्हणजे मलाशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, गुदद्वारातून बाहेर येणं. कोकणात याचा रुग्ण सर्जनपर्यंत पोचतो तो बहुधा मूळव्याधीची औषधं करून थकल्यावर. लावणीत दिवसभर वाकणारी, मासळीची पाटी डोक्यावर वाहणारी बाई शौचानंतर बाहेर आलेला भाग खोबरेल लावून स्वतःच आत सारते आणि घरात कुणाला सांगत नाही. बाहेर आलेल्या भागावर गोल वळ्या असतील तर ते पूर्ण जाडीचं मलाशय. मूळव्याधीचे कोंब सुटे असतात, मधल्या खाचा उभ्या. जोर करायला लावून नुसतं पाहिलं तरी हे कळतं. पण लाजेपोटी तपासणीच टळते.

आत सारून बांधून ठेवणं हा उपाय जुनाच. सुश्रुतसंहितेत तो भाग शेकून, स्नेह लावून आत बसवायला आणि मधे भोक ठेवलेल्या चामड्याचा गोफणबंध बांधायला सांगितलं आहे. १८९१ साली जर्मन सर्जन थिअर्श याने गुदद्वाराभोवती चांदीची तार घातली. तोवर भूल आली होती, निर्जंतुकीकरण आलं होतं, विचार मात्र तोच: दार आवळा. तार तुटायची, कातडीतून वर यायची, पिकायची, नाहीतर शौचच अडायचं.

मिकुलिचने १८८९ मध्ये बाहेर आलेलं आतडं खालूनच कापून जोडलं. पुढे अमेरिकेत आल्टेमायरने ही पद्धत रूढ केली. डेलॉर्म या फ्रेंच लष्करी सर्जनने १९०० मध्ये फक्त आतलं अस्तर सोलून स्नायूला चुण्या घातल्या. या दोन्ही शस्त्रक्रिया कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन होतात, म्हणून थकलेल्या, हृदयविकाराच्या रुग्णांसाठी आजही कामी येतात. दुखणं परतण्याचा धोका मात्र उरतो.

बिघाड दारात नसून आत आहे, हे उमगायला वेळ लागला. मॉश्कोविट्झने १९१२ मध्ये हा सरकणारा हर्निया मानला. १९६८ मध्ये ब्रोडेन आणि स्नेलमन यांनी चलत् एक्स-रेवर दाखवलं की मलाशय आधी स्वतःतच दुमडतं आणि मग खाली उतरतं. पोटातून मलाशय माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीकडे टांगण्याच्या रिपस्टीन, वेल्स यांच्या पद्धती तोवर सुरू झाल्या होत्या. मलाशय वर राही, पण बरेच रुग्ण बद्धकोष्ठतेने हैराण होत. मलाशय आजूबाजूच्या भागापासून मागून-बाजूने सोडवताना मज्जातंतू दुखावतात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणून बेल्जियमच्या डोअर यांनी २००४ मध्ये मांडलेली दुर्बिणीची पद्धत मला या साऱ्यात सर्वांत विचारी वाटते: फक्त पुढच्या बाजूने सोडवायचं, तिथे जाळी लावून वर टांगायचं. अर्थात जाळीचेही त्रास आहेत, आणि २०१३ च्या ब्रिटिश ‘प्रॉस्पर’ चाचणीत पोटातून की खालून, यात दुखणं परतण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. जगणं मात्र सगळ्याच गटांत सुधारलं.

सिंधुदुर्गातले कितीतरी रुग्ण यासाठी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, चिपळूणकडचे डेरवणच्या रुग्णालयात, रायगडचे मुंबईला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत घरी सोडतात; जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद. म्हणजे तारीख आंब्याच्या पेट्या आणि लावणी सांभाळूनच ठरते. भाग आत राहिला की घरचे बरी झाली म्हणतात, पण वर्षानुवर्षं ताणलेला स्नायू लगेच आवळत नाही. शौचावरचा ताबा काही महिने हळूहळू सुधारत जातो, कुणाचा अर्धवटच. कपडे खराब होतात का, कुंथावं लागतं का, हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांनीच विचारावं लागतं; ती आपणहून सांगत नाही.