पंतप्रधानाची वागणूक वेगळी, सरकारचा कारभार वेगळा

ब्रिटनमध्ये नवा पंतप्रधान आला की आपल्याकडे त्याच्याबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्यात एक घोळ ठरलेला असतो. ऋषी सुनक आले तेव्हा ‘किती सुसंस्कृत माणूस, आता देश मार्गी लागणार’ असा सूर होता. किअर स्टार्मर यांनी देणगीदाराकडून कपडे आणि चष्मे घेतल्याचं बाहेर आलं तेव्हा ‘म्हणजे हेही सरकार निकामी’ असा निकाल लागला. माणूस कसा वागला यावरून सरकारने काय केलं ते कळत नाही. सरकारला यश आलं म्हणून माणसाची वागणूक धुऊन निघत नाही. गेली काही वर्षं हे दोन्ही उलटसुलट वाचून मला खरोखर कंटाळा आला आहे, म्हणून एकदा नीट मांडतो.

वागणुकीचा भाग वाचकांना ठाऊक असतो, त्यामुळे थोडक्यात. खासदाराला मिळालेल्या भेटी २८ दिवसांत नोंदवायच्या असतात. मंत्र्यांसाठी स्वतंत्र आचारसंहिता आहे. संसदेची जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्या मंत्र्याने राजीनामा देऊ करावा, अशी तिच्यात अपेक्षा आहे. बोरिस जॉन्सन यांना टाळेबंदीचे नियम मोडल्याबद्दल एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी दंड केला आणि जून २०२३ मध्ये संसदेच्या विशेषाधिकार समितीने त्यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केल्याचा निष्कर्ष काढला. इथे प्रश्न सरळ असतात: नियम काय होता, त्याला काय माहीत होतं, त्याने काय केलं. पदावर बसून एकच दिवस झाला असला तरी हा न्याय करता येतो.

या भागात मला एकच गोष्ट मनापासून खटकते. आचारसंहितेचा भंग झाला तर पुढे काय करायचं, हे शेवटी पंतप्रधानच ठरवतो. २०२० मध्ये या आचारसंहितेचे स्वतंत्र सल्लागार सर अॅलेक्स अॅलन यांनी गृहमंत्री प्रीती पटेल यांच्या वागण्यात आचारसंहितेचा भंग दिसतो असं सांगितलं. जॉन्सन यांनी पटेल यांना ठेवलं आणि राजीनामा दिला तो सल्लागाराने. २०२४ च्या नव्या आचारसंहितेनुसार सल्लागार आपणहून चौकशी सुरू करू शकतो. ही सुधारणा चांगली आहे, पण शेवटचा शब्द अजून पंतप्रधानाचाच आहे आणि तो त्याचा असू नये.

आता खरा घोळ. वागणुकीत कृती त्या माणसाची असते, म्हणून ती कुणाच्या खात्यावर मांडायची हा प्रश्न येत नाही. कारभारात तोच प्रश्न सर्वांत अवघड असतो. एखादी गोष्ट नव्या सरकारच्या काळात घडली, एवढ्याने ती त्या सरकारमुळे घडली असं होत नाही. पेरणी एकाची आणि मळणी दुसऱ्याच्या काळात, हे राज्यकारभारात नेहमीचं आहे. तरीही नव्या पंतप्रधानाच्या पहिल्या वर्षाचे आकडे जसेच्या तसे त्याच्या नावावर लिहिले जातात.

सुनक यांचंच घ्या. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी पाच वचनं दिली, त्यातलं पहिलं महागाई निम्म्यावर आणण्याचं. ती १०.७ टक्क्यांच्या आसपास होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ४.६ टक्क्यांवर आली. वचन पूर्ण झालं, पण कुणी केलं? व्याजदर ठरवण्याचा अधिकार १९९७ पासून बँक ऑफ इंग्लंडकडे आहे. बँकेने दरवाढ सुरू केली ती डिसेंबर २०२१ मध्ये, सुनक पंतप्रधान होण्याच्या जवळपास वर्षभर आधी. ०.१ टक्क्यावरचा दर ऑगस्ट २०२३ पर्यंत ५.२५ वर गेला. शिवाय युक्रेन युद्धाने भडकलेले गॅसचे भाव त्या वर्षात उतरले. सुनक सरकारने खर्चाला लगाम घालून बँकेच्या कामात खोडा घातला नाही, एवढं श्रेय मी त्यांना देईन. त्याहून जास्त देणार नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेची प्रतीक्षायादी कमी करण्याचं वचन मात्र फसलं, आणि ते सुनक यांनी स्वतः फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्य केलं. त्यातला करोनाकाळाचा साचलेला भार त्यांचा नव्हता. डॉक्टरांचा संप महिनोनमहिने न मिटणं हे मात्र त्यांच्या सरकारचं होतं.

याच्या उलट टोकाला लिझ ट्रस, ज्या जेमतेम ५० दिवस पंतप्रधान होत्या. इतक्या दिवसांत कारभाराचा निकाल कसा लावता येईल, असं कुणी विचारलं तर ते इथे लागू पडत नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर झाली. पैसा कुठून येणार ते सांगितलं नाही आणि स्वतंत्र अर्थसंकल्पीय संस्थेचा अंदाजही सोबत नव्हता. पौंड घसरला, सरकारी रोख्यांचे व्याजदर उसळले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखेखरेदीसाठी उतरावं लागलं. व्याजदर तेव्हा जगभरच वाढत होते, हे खरं. पण ब्रिटनमधली ती उडी घोषणेनंतर लगेच आली आणि नव्या अर्थमंत्र्यांनी १७ ऑक्टोबरला बहुतेक कपात रद्द केल्यावर बाजार निवळला. निर्णय आणि परिणाम यांच्यातला धागा इतका उघडा असेल तर वर्षभर थांबण्याचं कारण नाही. ट्रस यांनी ना भेटी लपवल्या, ना त्यांना पोलिसांचा दंड झाला. त्या गेल्या त्या कारभारामुळे.

म्हणून ‘पहिले शंभर दिवस’ छापाचे लेख मला पटत नाहीत. दिवसांच्या आकड्याला अर्थ नाही. कोणता निर्णय घेतला आणि त्याचा परिणाम दिसायला किती काळ लागतो, हे आधी विचारावं. स्टार्मर सरकारने २०२४ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांशी वेतनाचा करार केला. सप्टेंबरमध्ये तो मान्य झाला आणि संप थांबला. पुढच्या वर्षभरात ७६ लाखांच्या आसपासची प्रतीक्षायादी ७४ लाखांच्या आसपास आली. इथे निर्णयापासून परिणामापर्यंतचा माग काढता येतो. जुलै २०२५ मध्ये डॉक्टर पुन्हा संपावर गेले, तेही याच खात्यावर मांडायला हवं. आणखी एक: ही यादी इंग्लंडची आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची आरोग्यसेवा तिथली सरकारं चालवतात.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या की घोळ सर्वांत जास्त होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तेच झालं. एकीकडे सुमारे एक कोटी पेन्शनरांचा २०० ते ३०० पौंडांचा हिवाळी इंधन भत्ता बंद करण्यावर संसदेत मतदान झालं, दुसरीकडे देणगीदार लॉर्ड अली यांच्याकडून स्टार्मर यांना मिळालेल्या भेटींच्या बातम्या आल्या. ‘म्हाताऱ्यांची ऊब काढून घेतो आणि स्वतः फुकटचे कपडे घालतो’ हे वाक्य लोकांच्या मनाला भिडलं आणि ते का भिडलं हे मला समजतं. पण आरोप दोन आहेत. स्टार्मर यांच्या बहुतेक भेटी नोंदवलेल्या होत्या. पत्नीच्या कपड्यांची नोंद उशिरा झाली आणि सहा हजारांहून अधिक पौंडांच्या भेटींचे पैसे त्यांनी ऑक्टोबरमध्ये परत केले. माझ्या मते, नोंद केली तरी पंतप्रधानाने कपडे कुणाकडूनही घेऊ नयेत. भत्त्याचा निर्णय मात्र त्यांनी सगळे कपडे पदरचे पैसे मोजून घेतले असते तरी तितकाच वाईट ठरला असता. तो जाहीरनाम्यात नव्हता, भत्त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा फार खाली ठेवली होती आणि जून २०२५ मध्ये ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना भत्ता परत द्यावा लागला.

आणि कृपया, निर्णय फिरवला म्हणजे ‘खोटं बोलले’ असं लिहू नका. वचन मोडणं हा कारभाराचा आणि विश्वासाचा प्रश्न आहे, त्याची शिक्षा मतदार देतात. संसदेत माहीत असून खोटं सांगणं हा वागणुकीचा गुन्हा आहे. दोन्हींना एकच शब्द लावला की दुसऱ्याचं गांभीर्य संपतं. जॉन्सन यांच्या समर्थकांनी लसीकरणाचा दाखला देऊन असाच घोळ घातला. ८ डिसेंबर २०२० ला ब्रिटनने लसीकरण सुरू केलं ते सरकारचं खरंखुरं यश होतं. जॉन्सन यांनी सभागृहात काय सांगितलं, याचं उत्तर त्यात नाही.

आपल्याशी थेट संबंध असलेलं उदाहरण भारत-ब्रिटन व्यापार कराराचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार्मर मुंबईत आले तेव्हा त्याचं सगळं श्रेय त्यांना दिलं गेलं. वाटाघाटी जानेवारी २०२२ मध्ये जॉन्सन यांच्या काळात सुरू झाल्या, ट्रस आणि सुनक यांच्या काळातही चालल्या आणि सही २४ जुलै २०२५ ला झाली. स्कॉच व्हिस्कीवरचं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं, हा चार पंतप्रधानांच्या काळात झालेल्या वाटाघाटींचा परिपाक आहे. तात्पुरत्या कामासाठी ब्रिटनला पाठवलेल्या भारतीय कर्मचाऱ्यांना तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी ठरावीक काळ भरावी लागणार नाही, या तडजोडीला मान्यता मात्र स्टार्मर सरकारने दिली. पुण्यातल्या आयटी कंपन्यांना ती हवी होती, ब्रिटनच्या विरोधी पक्षांनी तिच्यावर टीका केली. तिचा ब्रिटिश नोकऱ्यांवर काय परिणाम होतो ते करार लागू होऊन काही वर्षं गेल्यावर कळेल. ती मान्य करताना दिलेली कारणं आजही तपासता येतात, आणि त्यांचं उत्तर स्टार्मर यांच्या सरकारनेच द्यायचं आहे.