कॅनरीचा विषाणू, पिल्लाची लस

“लस टोचली म्हणूनच पिल्लू आजारी पडलं,” असं कुत्री पाळणारे नेहमी सांगतात. बहुतेकदा डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांच्या एका जीवघेण्या संसर्गजन्य रोगाचा, विषाणू आधीच अंगात शिरलेला असतो. पण ही भीती अगदीच निराधार नाही. जुन्या पद्धतीच्या लशीत डिस्टेंपरचाच विषाणू असतो, दुबळा केलेला, पण जिवंत. १९७० च्या दशकात अमेरिकेत साउथ डकोटातून पकडलेल्या काळ्या पायांच्या सहा फेरेटना (मुंगसासारखे दिसणारे छोटे प्राणी) ती टोचली, तर चार त्या लशीतल्या विषाणूनेच मेले. कुत्र्यांत असं फार क्वचित घडतं.

यावर निघालेला तोडगा मला विलक्षण सुंदर वाटतो. डिस्टेंपरचा विषाणू हा गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. त्याच्या आवरणावर दोन प्रथिनं असतात. एच पेशीला चिकटतं आणि एफ विषाणूला आत घुसवतं. शरीराला ओळख करून द्यायची ती या दोघांची, मग अख्खा विषाणू कशाला टोचायचा? त्याची जनुकं आरएनएची, म्हणून या दोन जनुकांची आधी डीएनएमध्ये नक्कल काढतात. नकलेच्या दोन्ही टोकांना कॅनरी पक्ष्यांच्या देवीच्या विषाणूतले डीएनएचे तुकडे जोडतात. मग कोंबडीच्या गर्भातल्या पेशींमध्ये ही नक्कल आणि देवीचा विषाणू एकत्र सोडले, की सारखे तुकडे एकमेकांशी जुळतात आणि काही नव्या विषाणूंमध्ये आपली जनुकं जाऊन बसतात. तेवढेच वेचून वाढवायचे.

हा विषाणू वाढतो पाखरांच्या पेशीत. कुत्र्याच्या पेशीत तो शिरतो, एच आणि एफ तयार करवतो आणि तिथेच थांबतो, त्याची पुढची पिढी निपजत नाही. तो पेशीच्या केंद्रकातही, म्हणजे कुत्र्याची जनुकं असतात तिथे, जात नाही, कारण जनुकं वाचायची यंत्रणा तो स्वतःबरोबर आणतो. त्यामुळे ‘ही लस कुत्र्याची जनुकं बदलते’ ही ओरड खोटी आहे. डिस्टेंपरची बाकीची जनुकं लशीत नाहीतच, तेव्हा तिच्यातून डिस्टेंपर होणं अशक्य. अमेरिकेत ती १९९७ पासून वापरात आहे.

आणखी एक फायदा. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं जुन्या लशीतला विषाणू ओळखून निकामी करतात. इथे वरचं आवरण कॅनरीच्या देवीचं, त्यामुळे ती त्याला सहसा अडवत नाहीत. तरी पुढचे डोस चुकवायचे नाहीत.

रोग मेंदूत पोचला की पिल्लू च्युइंगम चघळल्यासारखा जबडा हलवतं, तोंडाला फेस येतो. तेव्हा दृष्ट काढून, अंगारा लावून काही होत नाही, आणि विषाणू मारणारं खात्रीचं औषधही नाही. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना द्यायचा, मग दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळावा आठवडा उलटेपर्यंत.