सशर्त माफी: 1974 च्या घोषणेची पार्श्वभूमी

व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती टाळलेल्यांसाठी आणि लष्करातून पळालेल्यांसाठी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 16 सप्टेंबर 1974 रोजी सशर्त माफी जाहीर केली. त्याआधी आठच दिवस त्यांनी राजीनामा देऊन गेलेल्या आपल्या पूर्वसुरींना, रिचर्ड निक्सन यांना, पूर्ण क्षमा देऊन टाकली होती, तीही एकही अट न घालता. या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय पुढचा संताप कळत नाही.

अशी माफी नवी नव्हती. अमेरिकेतले यादवी युद्ध संपत आले तेव्हा, मार्च 1865 मध्ये, पळपुट्या सैनिकांना साठ दिवसांत परतण्याची मुभा मिळाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 च्या डिसेंबरमध्ये भरतीचा कायदा मोडल्याच्या पंधरा हजारांवर प्रकरणांपैकी फक्त 1,523 जणांना क्षमा मिळाली.

1974 मध्ये भांडण पेटले ते शब्दावरून. ‘ॲम्नेस्टी’ म्हणजे सरसकट माफी; या इंग्रजी शब्दाचे ग्रीक मूळ विस्मरणाचे आहे. राज्याने प्रकरण विसरून जायचे, कोण चुकले हा प्रश्नच काढायचा नाही. सरकारने हा शब्द कटाक्षाने टाळला. त्यांची भाषा ‘दये’ची आणि ‘कमावलेल्या पुनरागमना’ची होती. मराठीत आपण दोन्हींना ‘माफी’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो, कारण माफी म्हटली की आधी अपराध आलाच. भरती टाळून कॅनडात गेलेल्यांचे म्हणणे नेमके हेच होते: युद्धच चुकीचे होते, मग अपराध कबूल करायचा कशाचा? त्यांच्या गटांनी बहिष्काराची हाक दिली.

अटीही त्याच धाटणीच्या होत्या. भरती टाळणाऱ्याने सरकारी वकिलापुढे हजर व्हायचे, देशनिष्ठेची ग्वाही द्यायची आणि 24 महिन्यांपर्यंत लोकोपयोगी काम करायचे. पळालेल्या सैनिकाने हे सारे केले तरी त्याला मिळणारा सेवामुक्तीचा दाखला वेगळ्याच नावाचा असे. माजी सैनिकांच्या सवलतींवर त्यामुळे हक्क येत नसे, आणि नोकरी मागायला गेल्यावर तो कागदच त्याची कहाणी सांगून टाकी. याला दया म्हणणे मला जड जाते.

मुदत 31 जानेवारी 1975 ची होती. ती दोनदा वाढवून मार्चअखेरपर्यंत नेली, तरी पात्र मानलेल्या सुमारे साडेतीन लाखांपैकी दहातला एकही धड पुढे आला नाही.

21 जानेवारी 1977 रोजी, पदावरच्या पहिल्याच पूर्ण दिवशी, नवे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी भरती टाळणाऱ्यांना बिनशर्त क्षमा दिली. हिंसेचा आधार घेतलेल्यांना ती लागू नव्हती. गणवेश चढवून मग पळालेले मात्र या खेपेलाही बाहेरच राहिले. भरती चुकवायला वकील, कॉलेज, ओळखी लागत. त्या ज्यांच्यापाशी नव्हत्या अशा घरांतली मुले या पळालेल्यांत बरीच होती.