गार्चॉम्प नाचला म्हणून स्वीपर होत नाही

मावसभाऊ रविवारी ठाण्याहून आमच्याकडे दादरला जेवायला आला आणि चपला काढायच्या आधीच त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "ताई, हे बघ. गार्चॉम्पला स्वोर्ड्स डान्स दिला, अटॅक डबल झाला, आणि पुढच्याच टर्नला मेला. सलग चार मॅच! शोडाउनमध्ये काहीतरी बग आहे."

शोडाउन म्हणजे पोकेमॉनच्या लढती ऑनलाइन खेळायची साइट, गार्चॉम्प त्यातला एक पोकेमॉन, आणि स्वोर्ड्स डान्स ही त्याची अटॅक चढवणारी मूव्ह; तीच वापरणं म्हणजे 'नाचणं'. बग कसला. त्याने वॉलब्रेकरला स्वीपरच्या कामाला लावलं होतं. हीच तक्रार मी ऑफिसातल्या एकाकडून ऐकली आहे, लोकलमधल्या एका मैत्रिणीकडून ऐकली आहे, आणि दर वेळी तेच सांगून तोंड दुखायला लागलंय. म्हणून एकदाच लिहून टाकते.

टाइप, स्विच, सहा जणांची टीम, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. बोलणं चाललंय ते एकास-एक लढतीचं, लेव्हल १०० वर, शोडाउनवर आपण रात्री खेळतो तसं. अधिकृत स्पर्धांमधल्या डबल्सचा मामला निराळा. तिथे सहांतून चार निवडायचे, लेव्हल ५० आणि समोर एकाच वेळी दोघं उभे. तुमचा गडी नाचायला लागला की दोघं मिळून त्याला आडवा करतात. ते इथे नको.

वॉलब्रेकर सगळ्यांना कळतो, त्यामुळे पटकन उरकते. समोरच्याने एखादा जाड कातडीचा कॉर्व्हिनाइट नाहीतर डोंडोझो आणून बसवलाय, तुमचा एकही फटका त्याला नीट लागत नाही, तेव्हा जो एक-दोन वारांत त्याला भगदाड पाडतो तो वॉलब्रेकर. त्याच्याकडे ताकद हवी. वेग नसला तरी चालतं, कारण भिंती त्याच्याहूनही मठ्ठ असतात. एक भिंत पाडून तो मेला तरी पैसे वसूल.

स्वीपर म्हणजे मैदान झाडून काढणारा. सेटअप स्वीपर एक टर्न खर्च करतो, स्वतःचे आकडे चढवतो आणि मग समोरचे उरलेले सगळे एकामागून एक झोपवतो.

घोटाळा होतो तो इथेच. वॉलब्रेकरही नाचतो आणि स्वीपरही नाचतो. दोघांच्या चार मूव्हमध्ये एक जागा डान्सची, मग फरक कसला? लोक मूव्हचं नाव बघून ठरवतात. स्वोर्ड्स डान्स दिसला की स्वीपर. ही सवय मला भयंकर खटकते. आणि जोरात मारतो अशा प्रत्येकाला 'स्वीपर' म्हणणारे तर त्याहून वाईट.

आमच्या गिरगावच्या चाळीत गणपतीत कॅरमच्या मॅच लागायच्या. त्यात एक काका होते, ब्रेक असा मारायचे की मधला गठ्ठा चारी कोपऱ्यांत उधळायचा. पण नऊ सोंगट्या एका दमात घेणं त्यांना कधी जमलं नाही. ते काम त्यांच्या जोडीदाराचं. बोर्ड मोकळा झाला की तो बोरिक पावडर झटकून बसायचा आणि एक-एक सोंगटी भोकात. हाच जोडीदार गच्च गठ्ठ्यावर स्ट्रायकर घेऊन बसला असता तर पहिल्याच डावात हात चोळत उठला असता. दोघांच्या हातात स्ट्रायकर तोच.

आता आकडे. मावसभावासाठी मी वाण्याच्या बिलामागे मांडले, तेच इथे देते. जॉली नेचर (वेग वाढवणारा स्वभाव), अटॅक आणि वेग दोन्हीत २५२ ईव्ही (आकडे वाढवायला वाटायचे गुण) धरलेत.

गार्चॉम्पचा अटॅक ३५९. स्वोर्ड्स डान्स अटॅक दोन पायऱ्या चढवतो, म्हणजे दुप्पट: ७१८. वेग ३३३, आणि नाचून झाल्यावरही ३३३च.

ड्रॅगनाइटचा अटॅक ३६७. ड्रॅगन डान्स अटॅक एकच पायरी चढवतो, म्हणजे दीडपट: ५५०. पण सोबत वेगही एक पायरी वर जातो. २८४चे ४२६ होतात.

बिल बघून मावसभाऊ लगेच म्हणाला, "पण ७१८ जास्तच आहे ना?" आहे. आता समोर कोण येणार ते बघ. म्याउस्काराडा ३७९, वीव्हाइल ३८३, आयर्न व्हॅलियंट ३६४, झामाझेंटा ४१२, ड्रॅगापल्ट ४२१. हे सगळे ३३३च्या पुढे. गार्चॉम्प नाचला, टाळ्या झाल्या, समोरच्याने वीव्हाइल आत आणला, आणि ड्रॅगन-ग्राउंडवर बर्फ चौपट लागतो. तुझे ७१८ खिशातच राहिले. ४२६वाला ड्रॅगनाइट मात्र या पाचही जणांच्या आधी मारतो.

म्हणून माझी कसोटी एकच: नाचून झाल्यावर पहिला वार कोणाचा? तुमचा असेल तर स्वीपर. समोरच्याचा असेल तर तुम्ही फार तर एक भोक पाडाल आणि जाल. त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्याला तसंच वापरा. गार्चॉम्पने गॅलरियन स्लोकिंगसारख्या गोगलगायीसमोर नाचावं, त्याला किंवा त्याच्या जागी येणाऱ्याला फोडावं आणि बाजूला व्हावं. त्याच्याकडून सहाच्या सहा मागू नयेत.

मग गार्चॉम्पला स्वीपर म्हणायची खोड आली कुठून? जुन्या काळातून, आणि त्या काळात ते खरं होतं. तो डायमंड-पर्ल या गेममध्ये, २००६ साली आला. तेव्हा सॅलमेन्स, जिराची, सेलेबी, झॅपडॉस असे बरेच दादा बेस वेग, म्हणजे जातीचा मूळ वेग, १००वर थांबले होते. पूर्ण वेग लावला तर ते ३२८ आणि गार्चॉम्प १०२वर, म्हणजे ३३३. पाचच्या फरकावर अख्खी गर्दी मागे. एक स्वोर्ड्स डान्स झाला की थांबवणार कोण? शेवटी लढतींचे गट ठरवणाऱ्या स्मोगन या खेळाडूंच्या समूहाने त्याला नेहमीच्या ओयू गटातून काढून अतिबलवानांच्या उबर्समध्ये ढकललं. गार्चॉम्प आजही तोच आहे, आकडे तेच आहेत. बाकीचे पुढे निघून गेले. जुनी गाइडं वाचून टीम बांधणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की गाइड कुठल्या पिढीचं आहे.

कसोटीत 'वेग' न म्हणता 'पहिला वार' म्हटलंय, ते मुद्दाम. किंगॅम्बिट घ्या. बेस वेग ५०, तो काय कोणाच्या पुढे पळणार! तरी तो अट्टल स्वीपर आहे. त्याच्याकडे सकर पंच आहे, जो वेग न बघता आधी लागतो. शिवाय सुप्रीम ओव्हरलॉर्ड या क्षमतेमुळे आपला एकेक साथी पडला की त्याची ताकद दहा टक्क्यांनी वाढते, पाच साथी पडेपर्यंत. म्हणजे शेवटी एकटा उरला की सगळ्यात धोकादायक. फक्त समोरच्याने हल्ला निवडला नसेल तर सकर पंच वाया जातो, आणि तो आहे आठच वेळा. मुरलेले खेळाडू समोर बसून नुसत्या स्टेटस मूव्ह करत तुमचे आठ संपवतात. तेव्हा होणारा संताप मी अनुभवलाय.

उलट बाजूला वीव्हाइल. मूव्ह तीच, स्वोर्ड्स डान्स, पण वेग मुळातच ३८३. सामना उतरणीला लागला असेल आणि समोरचे वेगवान गडी गेले असतील, तर तो स्वोर्ड्स डान्सवरच झाडून काढतो. मूव्हच्या नावावरून ठरवू नका म्हणते ते यासाठी.

नेचरवरून भांडणं होतात, माझं मत सांगते. ड्रॅगनाइटला बरेच जण वेगाऐवजी अटॅक वाढवणारं ॲडमंट देतात, अटॅक ४०३ होतो म्हणून. पण मग वेग २५९, नाचून ३८८. वीव्हाइल कसाबसा मागे पडतो, झामाझेंटा आणि ड्रॅगापल्ट निसटतात. जॉलीचे ४२६ ड्रॅगापल्टच्या ४२१पेक्षा पाचनेच जास्त आहेत आणि त्या पाचावर मी मॅच जिंकले आहे. मी जॉलीच देते. चॉइस स्कार्फ किंवा बूस्टर एनर्जी या वस्तूंनी वेग वाढवलेले तरीही पुढे जातील, त्यांच्यासाठी एक्स्ट्रीम स्पीड ठेवायचा. तो इतरांच्या आधी लागतो आणि टेराने टाइप बदलून नॉर्मल केला तर दणकाही चांगला बसतो.

वस्तूंचं फार काही नाही. ड्रॅगनाइटला हेवी-ड्यूटी बूट्स द्या, विषय संपला. त्याची मल्टिस्केल ही क्षमता पूर्ण एचपीवरच मार अर्धा करते आणि बूट्स नसतील तर समोरच्याने मैदानात पेरलेलं स्टेल्थ रॉक ड्रॅगनाइटचा आत येतानाच पाव हिस्सा खातं, मग कसलं मल्टिस्केल? व्होल्कारोनाचं तर निम्मं अंग दारातच जातं. ईव्ही ५१०, एका ठिकाणी २५२पर्यंत, हे पाठ आहेच. चार हल्ले ठेवून डान्सला जागाच न ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता नाचायचं कधी. पहिल्या टर्नला नाही! समोरची सहाही माणसं ताजी असताना नाचणं म्हणजे संध्याकाळी सहाला चर्चगेटला विरार फास्टच्या खिडकीची आशा. स्वीपर शेवटच्या तिसऱ्या भागात उतरतो. तोपर्यंत बाकीच्या पाच जणांनी एकच काम करायचं: त्याला अडवणारे कोण ते टीम प्रिव्ह्यूत ओळखायचं आणि त्यांना मारायचं किंवा अर्धमेलं करायचं.

अडवणाऱ्यांची जात ओळखून ठेवा. टोक्सापेक्स हेझ मारून सगळे बूस्ट शून्यावर आणतो. व्हर्लविंड आणि रोर तुम्हाला मैदानातूनच हाकलतात, चढवलेलं सगळं गेलं. टाँट नाचूच देत नाही, तर एन्कोर तुम्हाला नाचतच ठेवतो. डिटो तुमचे बूस्ट जसेच्या तसे उचलतो आणि तुमच्याच ड्रॅगनाइटने तुम्हाला मारतो. हे शेवटचं ज्याच्यासोबत एकदा झालंय तो पुन्हा तीन-तीनदा नाचत नाही. एकदा नाचा आणि मारायला लागा.

आणि अनअवेअर ही क्षमता असलेले. डोंडोझो, क्लॉडसायर, स्केलेडर्ज. तुम्ही किती पायऱ्या चढलात हे यांना दिसतच नाही. यांच्यासमोर ५५० नाहीत, ३६७च आहेत. स्वोर्ड्स डान्सचाही तोच हाल, म्हणून नाचून फोडणारा वॉलब्रेकरही इथे थिजतो. इथे लागतो चॉइस बँड किंवा चॉइस स्पेक्सवाला. त्याची दीडपट वस्तूमुळे येते, त्यात पायरीचा संबंध नाही, त्यामुळे अनअवेअर ती पुसू शकत नाही. स्पेक्स घातलेल्या रेजिंग बोल्टचा थंडरबोल्ट डोंडोझोला व्यवस्थित समजतो. एकाच मूव्हला जखडला जातो, जाऊ दे की, त्याला तेवढंच करायचंय. मी टीम बांधताना ड्रॅगनाइटच्याही आधी हे नाव लिहिते. आधी गठ्ठा फोडणारा, मग सोंगट्या घेणारा.

हे सगळं मी मावसभावाला जेवणाच्या ताटावर सांगितलं. बिलाचा कागद तो खिशात घालून घेऊन गेला. गार्चॉम्पला त्याने स्टेल्थ रॉक टाकायला बसवलं, रेजिंग बोल्ट आणला, ड्रॅगनाइटला जॉली आणि बूट्स दिले. बुधवारी रात्री साडेबाराला त्याचा मेसेज आला, स्क्रीनशॉटसकट. रेजिंग बोल्ट त्याने तिसऱ्याच टर्नला कुठेतरी बळी दिला होता. मैदानात ड्रॅगनाइट, अटॅक सहा पायऱ्या वर, वेग सहा पायऱ्या वर. समोर डोंडोझो, एचपी शंभर टक्के.

खाली लिहिलं होतं, "ताई, आता?"