पार्श्वभूमी : ज्येष्ठांच्या घरात ‘सेवार्थी’ नेमका कोण?

नियोजित बदल प्रक्रियेचे, म्हणजे माणसाची अडचण समजून घेऊन ठरवून बदल घडवण्याचे, टप्पे समाजकार्याचा कुठलाही विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतो, ते इथे उगाळत नाही. 1936 साली मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं ते एका अमेरिकी मिशनऱ्याच्या पुढाकाराने, त्यामुळे पुढे पुस्तकंही बरीचशी तिकडचीच वाचली गेली. ‘नियोजित बदल’ ही संज्ञा अमेरिकेत 1950च्या दशकात रुळली.

खरा घोळ आहे तो ‘सेवार्थी’ या शब्दात. ‘क्लायंट’साठी मराठी पाठ्यपुस्तकांनी हा शब्द पत्करला. सेवेची इच्छा धरतो तो सेवार्थी. पण ऐंशीच्या आजी काही मागायला येत नाहीत; फोन मुलाचा येतो. ‘‘आई जेवत नाही, हट्टी झालीये, तुम्ही जरा समजवा.’’ मग सेवार्थी कोण? 1973 साली अमेरिकेतच एक मांडणी झाली: ज्याच्या हितासाठी काम करायचं आणि ज्याच्यात बदल घडवायचा, ते दोघे वेगळे असू शकतात. मुलाने धरलेलं असतं की बदलायचं ते आईने. दोन-तीन गृहभेटींनंतर कळतं, आजींची कवळी सैल झालीये, आणि त्यांना दंतवैद्याकडे न्यायला घरात कुणाला सवड नाही. अशा वेळी योजना आखायची ती घराच्या वेळापत्रकाची. हा फरक वृद्धांच्या कामात जितका टोचतो तितका क्वचितच कुठे टोचत असेल.

1999च्या राष्ट्रीय धोरणाने वृद्धांचा सांभाळ मुख्यतः कुटुंबावरच सोडला. 2007च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने मात्र थेट रकाने पाडले: निर्वाहखर्च मागणारे आई-वडील अर्जदार, ज्याच्याकडे मागायचा तो मुलगा गैरअर्जदार. महिन्याला निर्वाहाची कमाल मर्यादा 10,000 रुपये, निकाल साधारण 90 दिवसांत. सुनावणीपूर्वी प्रकरण दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येतं, आणि त्याला एका महिन्यात निष्कर्ष द्यायचा असतो. समाजकार्याला खरी जागा इथेच होती. पण एका महिन्यात विश्वास बसत नाही, फार तर रकमेवर एकमत होतं.

आणि सून? ताट वाढणारी बहुतेक तीच, पण ती या दोन्ही रकान्यांत नाही. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्येष्ठांच्या कायद्याखाली झटपट घर खाली करून घेऊन सुनेचा, 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिलेला, सामायिक घरात राहण्याचा हक्क मोडता येणार नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील.